सिद्धार्थला सोडलाच कशाला?

३१ मे २०२५. शनिवार. रत्नागिरीत पाऊस यंदा वेळेआधीच येऊन बसलेला. आंब्याच्या शेवटच्या पेट्या आता कुणाच्या गळ्यात मारायच्या, ही घरोघरची चिंता. आणि आम्ही पाच जण मारुती मंदिरच्या मागे एका मित्राच्या हॉलमध्ये टीव्हीपुढे मांडी ठोकून बसलेलो. सिनेमा नाही, क्रिकेट नाही. खरं तर कसलीच मॅच नाही! स्क्रीनवर एक माणूस बोली पुकारतोय, समोर बारा टेबलं, आणि टेबलांवर लॅपटॉप उघडून बसलेली, दहावीचा रिझल्ट लागतोय अशा चेहऱ्याची माणसं.

मित्राची आई दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा न राहवून म्हणाली, "अरे, खेळ कधी सुरू होणार?"

"काकू, हाच खेळ आहे!"

तर बॉस, हा प्रो कबड्डीच्या बाराव्या सीझनचा लिलाव होता. लिलाव म्हटलं की ज्यांना फक्त आयपीएल आठवतं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. प्रत्येक संघाच्या खिशात पाच कोटी. काही खेळाडू आधीच राखलेले, बाकीचे बाजारात. बाजारातल्यांचे चार वर्ग. 'ए'ची बोली ३० लाखांपासून, 'बी'ची २० पासून, 'सी'ची १३ आणि 'डी'ची ९ लाखांपासून. शिवाय जुन्या संघाकडे 'फायनल बिड मॅच' नावाचं एक हुकमी कार्ड. म्हणजे आपला माणूस दुसरा कुणी पळवत असेल, तर त्याने लावलेली शेवटची बोली मोजायची आणि माणूस परत घरी आणायचा. हे कार्ड कुठे वापरायला हवं होतं आणि कुठे उगाच वाया घालवलं, यावर आमच्याकडे गेली सहा-सात वर्षं भांडणं चालू आहेत. आम्ही पाचही जण पोटासाठी वेगवेगळी कामं करतो. पण लिलावाच्या दिवशी सगळे टीम मॅनेजर!

आता पात्रपरिचय. एक बँकवाला. हाडाचा यू मुम्बा फॅन. दुसरा पुण्याच्या आयटीतला, 'वर्क फ्रॉम होम' म्हणून आलेला आणि आंबा संपेपर्यंत न हलणारा, अर्थात पुणेरी पलटणवाला. तिसरी आमची डेंटिस्ट. ती कुठल्याच संघाची नाही, ती फक्त आकड्यांची. चौथी मी, फुकटची पत्रकार. आणि पाचवा कोपरा. म्हणजे हॉलच्या कोपऱ्यात बसलेला नव्हे (तसा तो बसतोही तिथेच), तर डावा कोपरारक्षक म्हणून आठ-दहा वर्षं जिल्हा गाजवलेला आमचा मित्र. सध्या एका पतपेढीची पिग्मी गोळा करतो. संध्याकाळी पोरांना कबड्डी शिकवतो.

पहिली बोली लागायच्या आधीच बँकवाल्याने सुरुवात केली.

"काय वाटेल ते म्हणा, पण सिद्धार्थला सोडलाच कशाला?"

सिद्धार्थ म्हणजे सिद्धार्थ देसाई. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा. २०१८ च्या लिलावात यू मुम्बाने त्याला ३६.४ लाखांत उचलला आणि पहिल्याच सीझनमध्ये पठ्ठ्याने दोनशेहून जास्त रेड पॉइंट काढले. उंचापुरा, थेट पकडीत घुसून चार जणांना ओढत मध्यरेषेवर आणणारा. घराघरात आज्ज्यासुद्धा 'तो आपला देसाई' म्हणायला लागल्या होत्या. २०१९ ला तो पुन्हा लिलावात गेला आणि तेलुगू टायटन्सने १.४५ कोटीला नेला. त्या सीझनची सगळ्यात मोठी बोली! तेव्हापासून दर लिलावाला बँकवाल्याचं हे वाक्य येतं. गणपतीत आरती यावी तसं.

डेंटिस्ट शांतपणे म्हणाली, "त्याच वर्षी मुम्बा सेमीफायनलला गेली. बंगालकडून दोन गुणांनी हरली. आणि टायटन्सचं काय झालं?"

टायटन्सचं काय झालं ते सगळ्यांना माहिती होतं. आठव्या सीझनमध्ये २२ सामन्यांत एक विजय, नवव्यात दोन. सिद्धार्थला मधल्या काळात दुखापतीने घेरलं.

"रडायचंच असेल ना, तर अर्जुन देशवालसाठी रड. तो तुमच्याकडेच होता. बेंचवरून खेळत होता. त्याला जयपूरने ९६ लाखांत नेला, आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये तुमच्याच वरळीत येऊन कप उचलला. त्या सीझनला २९६ रेड पॉइंट. दोनशे शहाण्णव!"

बँकवाला गप्प. पण पटलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. मला विचाराल तर डेंटिस्टचा हिशेब शंभर टक्के बरोबर आहे, आणि तरीही बँकवाल्याचं दुखणं खोटं नाही. अर्जुन गेला तेव्हा तो कोण होणार हे कुणालाच कळलं नव्हतं. सिद्धार्थ मात्र सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गेला. चूक कुठली मोठी हा एक प्रश्न, आणि जखम कुठली खोल हा वेगळाच.

हे काही आपल्याकडेच होतं असंही नाही. माझा टोरांटोचा मावसभाऊ आइस हॉकीच्या नादाला लागलाय. तिकडे बोली नसते, सरळ अदलाबदल. तुमचा गोलकीपर द्या, आमचा फॉरवर्ड घ्या, वर पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टमधला नंबर घ्या! नवी पोरं निवडताना साधारणपणे तळाच्या संघांना आधी संधी मिळते, म्हणून तो नंबरसुद्धा सोन्याच्या भावाने विकला जातो. १९८८ च्या ऑगस्टमध्ये एडमंटनने वेन ग्रेट्झ्कीला लॉस एंजेलिसला देऊन टाकला, तेव्हा कॅनडाच्या एका खासदाराने सरकारने हा सौदा थांबवावा अशी मागणी केली होती. गंमत म्हणजे दोनच वर्षांनी एडमंटनने त्याच्याशिवाय कप जिंकला, आणि लॉस एंजेलिसला तो असेपर्यंत एकदाही जमलं नाही. मावसभाऊ म्हणतो, तिकडची माणसं अजून यावर भांडतात. मी बँकवाल्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "बघ, त्यांनासुद्धा वाईट वाटलंच ना!"

तोवर स्क्रीनवर मोहम्मदरेझा शादलू आला आणि पुणेकर ताठ बसला.

शादलू ही पुणेकराची दुखरी नस. २०२३ च्या लिलावात पलटणने या इराणी पठ्ठ्यासाठी २.३५ कोटी मोजले. त्याच सीझनच्या तेलुगू टायटन्सच्या पवन सेहरावतचे २.६० कोटी सोडले तर सगळ्यात जास्त. मार्च २०२४ ला पलटणने हरयाणाला २८-२५ ने हरवून पहिला कप आणला. मग पुढच्या लिलावाआधी शादलूला सोडलं. हरयाणाने त्याला २.०७ कोटीत घेतला आणि २९ डिसेंबर २०२४ ला हरयाणा चॅम्पियन. फायनल कुठे? पुण्यात! बालेवाडीला!

"आमच्याच अंगणात येऊन कप नेला रे," असं पुणेकर अजूनही झोपेत म्हणत असणार.

यावेळी आकडा चढत चढत २.२३ कोटीवर थांबला. गुजरात. "झालं, यंदा कप गुजरातचा," पुणेकराने जाहीर करून टाकलं. (झालं भलतंच. ऑक्टोबरअखेरीस दिल्लीने पलटणला ३१-२८ ने हरवून कप नेला. आणि दिल्लीने याच दिवशी काय केलं होतं? आपल्या आशू मलिकवर १.९० कोटीला ते हुकमी कार्ड टाकलं होतं. आम्ही तेव्हा एकमुखाने म्हणालो होतो, फार महाग पडला!)

पण पलटणच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे. त्यांनी शादलू सोडला, पण अस्लम इनामदार सोडला नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातला हा पोरगा नवोदितांच्या कोट्यातून, म्हणजे जवळपास कुणाच्या नजरेत नसताना संघात आला आणि कॅप्टन म्हणून कप उचलून दाखवला. मोहित गोयतचीही तीच कथा. मोठी बोली म्हणजे मोठा कप हे समीकरण दरवेळी जुळत नाही. पवन सेहरावतला २०२२ ला तमिळ थलैवाजने २.२६ कोटीला घेतला आणि तो पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बाहेर गेला. मला पलटणची पद्धत पटते. पोरं लवकर उचला, सांभाळा, हारजीत होऊ द्या. बँकवाला म्हणतो, "तू पत्रकार आहेस, तुला फॅन कळत नाहीत." असेल.

हे सगळं चालू असताना कोपरा काही बोलत नव्हता. दोन कोटी आले, त्याने चहाचा घोट घेतला. कोट्यधीशांची संख्या वाढत दहावर गेली, तो पावसाकडे बघत बसला. फक्त प्रदीप नरवालचं नाव येऊन गेल्यावर त्याने कप खाली ठेवला. पाटण्याला लागोपाठ तीन कप जिंकून देणारा, अठराशेहून जास्त रेड पॉइंटवाला प्रदीप. एकाही टेबलावरचा हात वर गेला नाही. थोड्याच दिवसांत त्याने निवृत्ती जाहीर केली.

"अकरा वर्षांपूर्वी राकेश कुमार १२.८ लाखांना गेला तेव्हा आम्ही वेडे झालो होतो," कोपरा म्हणाला. तो पहिला लिलाव, २०१४ चा, आणि तो तेव्हाचा सगळ्यात महाग खेळाडू. म्हणजे अकरा वर्षांत टोकाचा भाव सतरा पट.

मी विचारलं, "त्याच्या आधी काय होतं रे? लिलाव नव्हता तेव्हा?"

"होता की. फक्त बोली ऐकू यायची नाही."

मग तो बोलायला लागला आणि दहा मिनिटं टीव्हीकडे कुणी बघितलं नाही. कोकणातल्या गावाच्या संघात एखादा चांगला चढाईपटू तयार झाला की मुंबईहून चाकरमानी काका-मामा त्याला घेऊन जायचे. लालबाग-परळकडचं एखादं मंडळ त्याला उतरवायचं. तिथे चमकला की रेल्वे, पोलिस, बंदर, बँका, कुणीतरी नोकरी द्यायचं. खेळासाठी नोकरी आणि नोकरीसाठी खेळ. गावाला बदल्यात काय? सुट्टीत आला की एखादी मॅच. "माझ्या बाबांच्या टीमचे तीन रेडर असे गेले. कुणी फायनल बिड मॅच विचारलं नाय आम्हाला."

पण त्या सौद्यात एक गोष्ट होती, असं तो म्हणाला. नोकरी कायम असायची. गुडघा गेला तरी टेबलखुर्ची राहायची. आता करार सीझनपुरता. दोन कोटीवाल्याला चालतं ते. नऊ लाखवाल्याचं काय? त्याचा एक सीझन बेंचवर गेला की पुढच्या वर्षी बोली लागेलच असं नाही. लिलावाच्या यादीत पाचशेवर नावं, संघ बारा, संघात जास्तीत जास्त पंचवीस जण. म्हणजे अगदी सगळ्या जागा भरल्या तरी तीनशे, त्यातले कितीतरी आधीच राखलेले. हिशेब तुम्हीच करा.

एवढं सगळं त्याने का सांगितलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. 'डी' वर्गात त्याच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा होता. आमच्याच तालुक्यातला, डावा कोपरा, गुरूसारखाच. नाव लिहू नको म्हणालाय म्हणून लिहीत नाही. हा मुलगा मातीवर वाढलेला. अनवाणी खेळताना घोटा कसा रुततो, रेडर कधी वळणार, सगळं त्याला मातीने शिकवलेलं. लीग मात्र मॅटवर. बूट घालून. मॅटवर पाय वेगळ्याच वेळी सुटतो, म्हणून गेली दोन वर्षं कोपरा त्याला आठवड्यातून तीनदा मॅट असेल तिथे घेऊन जायचा. स्वतःच्या बाइकवर, स्वतःच्या पेट्रोलने.

रविवारी आम्ही पुन्हा जमलो. आज कोट्यधीश नव्हते, म्हणून बँकवाला मोबाइलवर आणि पुणेकर लॅपटॉपवर. नावं भराभर येत होती. नाव, वय, जागा, बोली? नाही. अनसोल्ड. पुढचं नाव. एकेका पोराच्या वाट्याला जेमतेम काही सेकंद! काल शादलूवर जेवढा वेळ गेला तेवढ्यात इथे अर्धा वर्ग संपत होता. आणि इतका वेळ तोंड चालवणारे आम्ही पाच जण एकाएकी गप्प झालो, कारण या यादीवर आमचं काहीच मत नव्हतं. यातलं एकही पोर आम्ही कधी पाहिलंच नव्हतं. कोपरा सोडून.

तेवढ्यात लाइट गेली.

बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. वायफाय बंद, मोबाइलला एकच दांडी, डेंटिस्टच्या फोनवर अकरा टक्के बॅटरी. तिने लावून बघितलं. चाक फिरत राहिलं. काकू मेणबत्ती आणि कापलेले पायरी आंबे घेऊन आल्या. कुणी हात लावला नाही.

अर्ध्या तासाने कोपऱ्याचा फोन वाजला. त्याने स्पीकर लावला नव्हता, पण अंधारात सगळं ऐकू येत होतं.

"दादा, नाय झाला."

"बरं," कोपरा म्हणाला. "जेवलास?"

"नाय अजून."

"जेव. आई हाय ना जवळ?"

"हाय." मग थोडा वेळ नुसता पाऊस. "दादा, आता काय करू?"

"उद्या सकाळी सहाला ये मॅटवर. बूट आण."

फोन ठेवायच्या आधी, जुने बूट टाकून दे आणि नवे कुठल्या तळव्याचे घ्यायचे, ते तो बराच वेळ त्याला समजावत होता. बँकवाला हळूच म्हणाला, "किती पडतील रे बुटांचे?" आणि पुणेकराने पाकीट काढलं.