विकूनही मालकी विक्रेत्याचीच!

खासगी मालमत्तेच्या पावित्र्याचे पोवाडे गाणाऱ्या भांडवलशाहीला ग्राहकाची मालमत्ता मात्र पवित्र वाटत नाही. अमेरिकेतील ब्लिझार्ड कंपनीने २०१६ पासून ‘ओव्हरवॉच’ हा व्हिडिओ गेम रोख किमतीस विकला. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘ओव्हरवॉच २’ येण्याच्या आदल्या दिवशी जुन्या खेळाचे सर्व्हर बंद झाले. सहा-सहा खेळाडूंच्या संघांचा विकत घेतलेला खेळ गेला. त्याजागी पाच-पाचांचा आला. नवा खेळ फुकट आहे, असा युक्तिवाद होतो. परंतु प्रारंभी त्यातील नवी पात्रे मिळवण्यासाठी पैसे तरी मोजावे लागत, नाहीतर तासन्‌तास खेळत राहावे लागे.

जुना माल टिकला की नव्याचे गिऱ्हाईक घटते. म्हणून जुन्याचा गळा घोटायचा, हे यामागील अर्थशास्त्र होय. सर्व्हर चालविण्यास खर्च येतो, हे मान्य. तो झेपत नसेल तर खेळ स्वतः चालविण्याची सोय ग्राहकांना का देऊ नये? खेळ चालू स्थितीत ठेवूनच कंपन्यांनी अंग काढून घ्यावे, या मागणीवर २०२५ साली युरोपातील दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. हा पोरखेळ नव्हे. आज खेळ हिरावला जातो. त्याच किल्लीने उद्या पुस्तक आणि यंत्रही हिरावले जाईल. ती किल्ली कायद्यानेच काढून घेतली पाहिजे.