पाळण्याशेजारी आवाज किती असावा?

पंख्याची घरघर सुरू झाली की रडणारे तान्हे बाळ शांत होते, हा अनुभव अनेक घरांतील आहे. मातेच्या उदरात रक्ताभिसरणाच्या अखंड आवाजात वाढलेल्या जिवाला संपूर्ण शांतताच परकी वाटत असावी, असा तर्क त्यामागे दिला जातो. याच अनुभवाची आता बाजारपेठ झाली असून, पावसाचा वा नुसता ‘श्श्श’ असा एकसुरी आवाज रात्रभर काढणारी यंत्रे आणि मोबाइल अ‍ॅप शहरी पालकांच्या हाती आली आहेत.

त्यांचा उपयोग होत नाही, असे म्हणता येणार नाही. ब्रिटनमधील १९९०च्या एका प्रयोगात असा आवाज (व्हाइट नॉइज) ऐकवलेल्या २० नवजात बालकांपैकी १६ पाच मिनिटांत झोपी गेली. न ऐकवलेल्या २० पैकी केवळ ५. मात्र तो प्रयोग काही मिनिटांचा होता. यंत्र रात्रभर चालते आणि प्रश्न तेथेच निर्माण होतो.

टोरांटोतील संशोधकांनी २०१४ मध्ये अशी १४ यंत्रे तपासली. पूर्ण आवाजावर ३० सेंटिमीटर अंतरावरून, म्हणजे जणू पाळण्याच्या कठड्याला टांगून मोजले असता, तीन यंत्रांनी ८५ डेसिबलची पातळी ओलांडली. प्रौढ कामगारासाठी आठ तासांची मर्यादा म्हणून मानली जाते ती हीच पातळी. रुग्णालयातील नवजात कक्षासाठी शिफारस केलेली ५० डेसिबलची मर्यादा तर एक मीटरवरूनही सर्वच यंत्रांनी मोडली. यंत्र शक्य तितके दूर, आवाज कमी आणि वेळ मर्यादित ठेवावा, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये दिला.

दहा बाय बाराच्या खोलीत हे ‘दूर’ आणायचे कोठून? शिवाय आपल्याकडे यंत्र लावले जाते ते हॉर्न, बांधकाम आणि ध्वनिक्षेपक ऐकू येऊ नयेत म्हणूनही. बाहेरचा गोंगाट झाकायचा तर घरातला आवाज चढवावा लागतो. खरी मेख येथे आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. ती दहा डेसिबलने ओलांडल्यास नागरिकास तक्रार करता येते. पालक तक्रारीऐवजी यंत्राचे बटण फिरवतात, यात त्यांचा दोष थोडाच आहे.

तूर्त यंत्र लावायचेच तर ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवावे, हळू बोललेलेही ऐकू येईल इतपतच आवाज असावा आणि बाळ झोपल्यावर ते बंद करावे. मोबाइल तर उशाशी नकोच.