आधी रिअ‍ॅक्ट की आधी एचटीटीपी?

वेब अ‍ॅप शिकणारा डेव्हलपर आज थेट रिअ‍ॅक्टपासून सुरुवात करतो. स्क्रीन झटपट दिसते, हुरूप येतो. गाडी अडते लॉगिनपाशी. पान रिफ्रेश केले की युजर गायब! ब्राउझरच्या मेमरीतले पुसले गेले आणि एचटीटीपीला तर स्मरणशक्तीच नाही. प्रत्येक रिक्वेस्ट सर्व्हरसाठी नवखी. यासाठीच १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी कुकी आणली. हे ठाऊक नसलेला नवशिका लॉगिनचे टोकन (कधी कधी चक्क पासवर्डही!) लोकल स्टोरेजमध्ये टाकून मोकळा होतो. पानात घुसलेली कोणतीही स्क्रिप्ट ते वाचू शकते. एचटीटीपी-ओन्ली कुकी मात्र वाचू शकत नाही. भुर्दंड ग्राहकाला. म्हणून रिअ‍ॅक्ट आठवडाभर थांबू द्यावे. तोवर ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडून सेट-कुकी हेडर कधी येतो, एवढे पाहावे.