इटली 'झाली' म्हणे!

परवा रात्री मावसभावाचा फोन आला. दादा-वहिनी युरोप करून परत आलेत. पहिलंच वाक्य, "झाली बाई एकदाची इटली!"

म्हटलं, कुठे कुठे गेलात?

"रोम, पिसा, फ्लोरेन्स, व्हेनिस. चार दिवसांत सगळं कव्हर केलं. आता पुढच्या वर्षी स्पेन-पोर्तुगाल करून टाकायचं."

करून टाकायचं! जशी काही दिवाळीची साफसफाई. माळा झाला, कपाटं झाली, इटली झाली. फोनवर मी "अरे वा" म्हणून गप्प बसले, कारण तो मोठा आहे आणि नुकताच चौदा तासांचा प्रवास करून आला होता. पण तेव्हापासून डोक्यात नुसती वळवळ चाललीय. तर मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. दादा, तूही हे वाचशीलच. वाच.

आधी माझं पाप कबूल करते. २०११ साली मी आईला घेऊन अशाच एका सहलीला गेले होते. "एकदाच जायचंय तर सगळं बघून घेऊ," असं म्हणणारी मीच. त्या सहलीतला आईचा व्हेनिसचा एक फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. मागे सान मार्कोचा चौक, पुढे आई. आणि आई बघतेय कुठे? हातातल्या घड्याळाकडे. चाळीस मिनिटांत बोटीपाशी या, नाहीतर बोट सुटेल, असं आमच्या गाईडने बजावलं होतं ना! परत आल्यावर लोकांनी विचारलं, काय काय पाहिलंत? आईला सांगता येईना. तिने मला एकदाच विचारलं, "काय ग, तिथली माणसं राहतात कुठे?" तेव्हा मी हसले होते.

हसण्यासारखं काहीच नव्हतं त्यात. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरं पर्यटकांना भाड्याने गेली, भाजीवाल्याच्या जागी मुखवट्यांचं दुकान आलं. एप्रिल २०२४ पासून तर ठरावीक दिवशी, रात्री मुक्काम न करता नुसतं दिवसभरासाठी येणाऱ्याकडून पाच युरो प्रवेश फी घ्यायला सुरुवात झाली. शहराला तिकीट! आईला जे चाळीस मिनिटांत दिसलं, ते मला कळायला बारा-तेरा वर्षं लागली.

व्हेनिस सुंदर नाही असं म्हणणाऱ्यातली मी नव्हे. माझं भांडण व्हेनिसशी नाहीच. भांडण आहे ते यादीशी. त्या यादीतली शहरं तुम्ही निवडलेली नसतात, बसचा रस्ता आणि हॉटेलचे दर यांनी निवडलेली असतात. गंमत म्हणजे फ्लोरेन्सहून व्हेनिसला जाणारी तुमची बस माझ्या सगळ्यात आवडत्या शहराच्या कडेने जाते. बोलोन्या. थांबत नाही. फार तर हायवेवर कुठेतरी 'बाथरूम ब्रेक' होतो.

२०१८ मध्ये नवऱ्याच्या कामामुळे मी तिथे तीन आठवडे राहिले. बोलोन्यात बघण्यासारखं 'काही नाही' असं मलाही सांगण्यात आलं होतं. काही नाही म्हणजे काय, तर १०८८ साली सुरू झालं असं मानलं जाणारं विद्यापीठ, युरोपातलं सर्वांत जुनं. आणि पोर्टिको! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरांच्या खालून जाणाऱ्या कमानींच्या ओसऱ्या. सगळ्या मिळून भरतात बासष्ट किलोमीटर. शहराबाहेर टेकडीवरच्या सान लुकाच्या चर्चपर्यंत जाणारी तर सलग जवळजवळ चार किलोमीटर आहे, ६६६ कमानींची. पाऊस असो, ऊन असो, छत्री लागत नाही. मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. १२८८ मध्ये या शहराने नियम केला की घर बांधायचं तर पुढे ओसरी काढायची, आणि तीही घोड्यावरचा माणूस जाऊ शकेल इतकी उंच. जागा घरमालकाची, पण चालण्याचा हक्क सगळ्यांचा. आपल्याकडे सोसायट्यांच्या पार्किंगवरून होणाऱ्या मारामाऱ्या आठवल्या आणि मी त्या कमानींना मनोमन हात जोडले.

बोलोन्याच्या स्टेशनवर एक घड्याळ आहे, १० वाजून २५ मिनिटांवर थांबलेलं. २ ऑगस्ट १९८० रोजी तिथे बॉम्बस्फोट झाला, ८५ माणसं गेली. गाडी पकडायला धावणारी माणसं रोज त्या घड्याळाखालून जातात. मीही जात होते. पहिल्या आठवड्यात मला ते बिघडलेलं वाटलं होतं. कळलं त्या दिवशी मी गाडी सोडली आणि तिथेच बाकावर बसून राहिले. दोन तासांच्या सिटी टूरमध्ये हे घड्याळ तुम्हाला कोणीतरी दाखवेलही. पण ते बिघडलेलं आहे असं एक आठवडा समजत राहणं, हे टूरमध्ये मिळत नाही.

दुसरं माझं लाडकं त्रिएस्ते. नकाशात इटलीच्या पार उजव्या कोपऱ्यात, स्लोव्हेनियाला चिकटून. हे हाब्सबुर्ग साम्राज्याचं बंदर. पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे आलं, दुसऱ्यानंतर काही वर्षं कोणाचंच नव्हतं, १९५४ मध्ये पुन्हा इटलीचं झालं. तीन बाजूंनी इमारती आणि चौथी बाजू थेट समुद्राला मोकळी, असा त्यांचा मुख्य चौक. 'बोरा' नावाचा वारा सुटला की माणसं खांबाला धरून उभी राहतात. कॉफीची तर भाषाच निराळी. इटलीत इतरत्र तुम्ही ज्याला एस्प्रेसो म्हणाल त्याला इथे 'नेरो' म्हणायचं. मी पहिल्या दिवशी चुकीचं मागून चुकीचं प्यायले, चौथ्या दिवशी काउंटरवरच्या काकांनी न विचारता बरोबर कप पुढे केला. माझ्या मते प्रवास म्हणजे हा चौथा दिवस. तुमच्या यादीत चौथा दिवस नसतोच, प्रत्येक शहरात पहिलाच दिवस असतो.

आता थोडं टोचणारं. इटलीला जाऊन आलेल्या किती मराठी माणसांना यशवंत घाडगे हे नाव माहीत आहे? माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा मुलगा, मराठा लाइट इन्फंट्रीत नायक. १० जुलै १९४४ रोजी वरच्या टायबर खोऱ्यात त्यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. बाकीचे सगळे पडल्यावर एकट्याने जाऊन त्यांनी ते ठाणं घेतलं आणि तिथेच गोळी लागून ते गेले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बोलोन्याच्या पूर्वेला सेनिओ नदीकाठी एप्रिल १९४५ मध्ये नामदेव जाधवांनीही तोच क्रॉस मिळवला, आणि ते जिवंत परतले. पेरुज्याच्या उत्तरेला मोंतोने नावाच्या छोट्या गावाने २०२३ मध्ये घाडग्यांच्या नावाने सनडायलचं स्मारक उभारलं. २०२४ मध्ये मी पेरुज्यात चार दिवस राहिले ते त्यासाठीच. एका परक्या गावाने आपल्या माणगावकडच्या पोराची आठवण ठेवावी, आणि आपल्या बसने मात्र पिसाच्या मनोऱ्याला हात टेकवल्याचे पन्नास फोटो काढून पुढे जावं! असो.

दादा काय म्हणेल ते मला माहीत आहे. "अगं, रजा मोजकी, पैसे मोजके, गुडघे दुखतात, भाषा येत नाही, हिचं जेवण शाकाहारी. कोलोसियम न बघता तुझ्या बोलोन्याला जाऊ?" यातलं एकही कारण खोटं नाही. कोलोसियम बघच. माझं म्हणणं इतकंच की चारांतली दोन नावं खोड. बोलोन्यात पाच रात्री राहा. तिथून जलद गाडीने फ्लोरेन्स पाऊण तासाच्या आत येतं, व्हेनिस दीड तासावर. रोज बॅगा भरायच्या नाहीत, सहाला उठायचं नाही. वहिनीला रिकोटा भरलेले तोर्तेलोनी, लोणी आणि सेजची पानं घालून मिळतील, पोटभर. गुडघ्यांसाठी तर ओसऱ्यांइतकी सोयीची जागा नाही.

एक टोचणी मात्र माझ्याही मनात आहे. तुम्ही सगळे उद्या बोलोन्याला गेलात तर त्याचंही व्हेनिस होईल. आत्ताच तिथे विद्यार्थ्यांना खोल्या मिळेनाशा झाल्यात. म्हणून माझी यादीही उचलू नका. तुमचं शहर तुम्ही शोधा, आणि तिथे माणसं राहतात तोवर त्यांच्यात चार दिवस राहून या.

आई आता कुठे जाऊ शकत नाही. २०२४ मध्ये पेरुज्याहून तिला व्हिडिओ कॉल लावला होता. समोरच्या घराच्या खिडकीत एक आजी दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "चिमटे आपल्यासारखेच आहेत ग."

तेरा वर्षांत तिने इटलीबद्दल स्वतःहून काढलेलं हे दुसरं वाक्य. दादा, पुढच्या वर्षी स्पेन 'करण्या'आधी एकदा घरी ये. आईला भेट, आणि तो हॉलमधला फोटोही नीट बघ.