पिवळ्या पानाचा निवाडा

पावसाची मोठी झड ओसरली आणि काळ्या जमिनीत वाफसा येण्यास विलंब लागला, की खोडवा उसाच्या, भुईमुगाच्या आणि द्राक्षवेलीच्या कोवळ्या पानांवर शिरा हिरव्या व मधला भाग फिकट पिवळा असा केवडा दिसू लागतो. आणि बागायतदार ज्या सल्लागाराकडे धाव घेतो, तो बहुधा जमिनीत लोह कमी पडले असे अनुमान करून हिराकसाची मात्रा लिहून देतो. हे अनुमान स्वाभाविक असले तरी पुष्कळदा वस्तुस्थितीस सोडून असते आणि त्याचा भुर्दंड शेतकऱ्यास सोसावा लागतो. म्हणून पीकपोषणाचा सल्ला देणाऱ्या आपणां सर्वांपुढे हा विषय मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या जमिनीत लोह विपुल आहे. वाण आहे ती विद्राव्य लोहाची. सामू एका अंकाने चढला की फेरिक लोहाची विद्राव्यता सुमारे हजारपटीने घटते, आणि चुनखडीच्या जमिनीत सामू 8 च्या आसपास असल्यामुळे मुळांच्या पदरी पडणारे लोह गरजेच्या मानाने नगण्य ठरते. तथापि वनस्पती हा तुटवडा मुकाट्याने सोसत नाही. भुईमूग व द्राक्ष यांसारख्या वनस्पती मुळांतून हायड्रोजन आयन सोडून भोवतालची माती आम्ल करतात, फेरिक लोहाचे फेरस लोहात क्षपण करतात आणि मगच ते आत घेतात. तृणवर्गाची रीत निराळी: जपानी शास्त्रज्ञ ताकागी यांनी 1976 साली ओट व भात यांच्या मुळांच्या स्रावात लोहास बांधून घेणारी द्रव्ये असल्याचे दाखविले, आणि बांधलेले ते लोह मुळे जसेच्या तसे आत ओढतात, हे पुढे स्पष्ट झाले. चीनच्या उत्तर भागातील चुनखडीच्या जमिनीत एकटा पेरलेला भुईमूग पिवळा पडतो, परंतु मक्याच्या ओळींशेजारी तोच हिरवा राहतो, याचे श्रेय तेथील संशोधकांनी मुळांच्या या सान्निध्यासच दिले आहे.

लोहासाठी दार उघडण्यास मात्र किंमत पडते. अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीत 1996 साली लोह आत नेणारे जे प्रथिन सापडले, त्याच्याच वाटेने मँगनीज, जस्त, कोबाल्ट आणि विषारी कॅडमियमही आत शिरतात. म्हणून हे अन्य धातू साचू लागले, की वनस्पती ते प्रथिन मूलपेशींच्या पृष्ठभागावरून काढून घेऊन नष्ट करते. आणखी आत, मुळाच्या अंतस्त्वचेत, कास्पारी पट्टी नावाचा जलरोधक पट्टा जकातनाक्यासारखा उभा असतो. पेशींच्या भिंतींमधून चोरवाटेने आलेल्या क्षारासही तेथे जिवंत पेशीपटलाची परवानगी घ्यावी लागते. अन्नद्रव्यांचा समतोल म्हणजे या नियंत्रणांची एकत्रित व्यवस्था होय.

एका द्रव्यावरील बंधन सैल झाले की दुसऱ्याचा तोल ढळतो, हे स्फुरद व जस्त यांच्या नात्यावरून सर्वांत स्पष्ट होते. जस्ताचा अभाव असलेल्या जव पिकात स्फुरद ओढून घेणाऱ्या यंत्रणेवरील लगाम सुटतो आणि पानांत स्फुरद साचत जातो. उलटपक्षी स्फुरदाचा अतिरेक केल्यास मुळांशी सहजीवन करणारी, जस्त मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी क्षीण होते. तद्वतच पालाशाची मात्रा वाढली की मॅग्नेशियमचे शोषण घटते, आणि जुन्या पानांचा पिवळेपणा त्याची साक्ष देतो. याचा अर्थ असा, की आज दिसणारा अभाव हा पुष्कळदा काल आपणच लिहून दिलेल्या मात्रेचा परिणाम असू शकतो.

येथे पानाच्या पृथक्करणावर सर्वस्वी विसंबणेही धोक्याचे आहे. चुनखडीच्या जमिनीतील पिवळ्या द्राक्षपानात एकूण लोह हिरव्या पानाइतकेच, प्रसंगी अधिकही आढळते, कारण तेथे लोह असूनही ते उपयोगी पडत नाही. एकूण लोहाच्या आकड्यावरून दिलेला निवाडा अशा वेळी सपशेल चुकतो. चुनखडीच्या मातीत टाकलेले हिराकस थोड्याच अवधीत पुन्हा अविद्राव्य होते, हे तर प्रत्येकाने अनुभविलेलेच असेल.

यास्तव आमची विनंती अशी, की मात्रा लिहिण्यापूर्वी मुक्त चुना व सामू, विहिरीच्या पाण्यातील बायकार्बोनेट, निचऱ्याची स्थिती, गेल्या काही हंगामांत दिलेल्या स्फुरद-पालाशाची नोंद, आणि पिवळेपणा कोवळ्या पानांवर आहे की जुन्या, हे पाचही मुद्दे पाहावेत. साचलेले पाणी व बायकार्बोनेट कायम असता हिराकस ओतण्यापेक्षा चर खोदणे श्रेयस्कर. नायट्रेटऐवजी अमोनियम सल्फेटच्या रूपाने नत्र दिल्यास मुळाभोवतीचा सामू उतरण्यास साहाय्य होते. आणि तातडीचा उपाय म्हणून फवारणी करावयाची असल्यास ती तात्पुरती आहे, हे शेतकऱ्यास स्पष्ट सांगावे. येत्या अंकापासून पोषणविषयक शंका आमच्याकडे पाठविताना वरील पाच मुद्द्यांची माहिती सोबत जोडावी. ती नसल्यास आम्ही मात्रा सुचविणार नाही, कारण अपुऱ्या माहितीवर दिलेली शिफारस पिकाच्या स्वतःच्या व्यवस्थेत विनाकारण हात घालते.