मोटार दारात, मालकी दुसऱ्याची

मराठी मध्यमवर्गीय घरात मोटार ही वस्तू फार उशिरा आली. १९८३च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली, त्यापूर्वीच्या पिढीने पद्मिनी किंवा अँबॅसेडरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिली होती. त्यामुळे मोटार घरी आली की तिला हार घालायचा, पेढे वाटायचे, शेजारच्या आजोबांना एक फेरी मारून आणायची आणि पुढे बारा-पंधरा वर्षे ती पुसूनपासून वापरायची, असा एक रिवाजच पडला. मोटार वापरायची म्हणजे ती आपल्या मालकीची असायची, यात कुणाला शंका नव्हती. कर्ज काढले तरी ते फेडण्यासाठी काढलेले असे, आणि बँकेचा बोजा उतरवून आरसी बुक कोरे करून आणले, तो दिवस घरात लहानसा सणच असे.

आता या समजुतीला फाटा देणारी एक रीत शहरांतून रुजू लागली आहे. मोटार विकत न घेता ती भाडेपट्ट्याने, म्हणजे लीजवर घ्यायची. दरमहा ठरावीक रक्कम भरायची, तीन-चार वर्षे वापरायची आणि मुदत संपली की परत करायची. भाडेपट्ट्याचा धंदा देशाला नवा नाही. या व्यवसायातील पहिली कंपनी १९७३ साली मद्रासमध्ये निघाली. परंतु त्या काळी भाडेपट्ट्याने घेतली जात ती यंत्रसामग्री, आणि घेणारे असत कारखानदार. नोकरदार कुटुंबाच्या दारापर्यंत हा व्यवहार आला तो गेल्या काही वर्षांत. मारुती सुझुकीने २०२० साली आपली मासिक वर्गणीची योजना आणली. त्याच वर्षी टाटा मोटर्सने विजेवर चालणारी नेक्सॉन अशा पद्धतीने देऊ केली. टोयोटाही या क्षेत्रात उतरली. हिंजवडी, खराडी, ऐरोली येथील कंपन्यांत तर नोकरीच्या पत्राबरोबरच ‘कार लीज’चा पर्याय पुढे केला जातो. कागदावर तो आकर्षक दिसतो. तो सर्वांनाच लाभतो असे मात्र नाही, आणि ज्यांना लाभत नाही त्यांना ते बहुधा सही करून झाल्यावर कळते.

सर्वांत आधी भाड्याचा आकडा कसा बनतो ते पाहिले पाहिजे, कारण विक्रेता हे समजावून सांगत नाही. समजा, मोटारीची किंमत १० लाख रुपये आहे आणि तीन वर्षांनी तिचे मूल्य ४ लाख राहील असे कंपनीने धरले आहे. या उरलेल्या मूल्याला ‘रेसिड्युअल व्हॅल्यू’ किंवा शेषमूल्य म्हणतात. मधले ६ लाख ३६ महिन्यांत वसूल व्हायचे, म्हणजे महिन्याला सुमारे १६,६६७ रुपये. याखेरीज कंपनीचा पैसा अडकून पडतो त्याचे व्याज. अडकलेली रक्कम १० लाखांपासून ४ लाखांपर्यंत उतरते, म्हणजे सरासरी ७ लाख. १२ टक्के दराने त्याचे वर्षाला ८४,००० आणि महिन्याला ७,००० होतात. बेरीज झाली २३,६६७. कर, विमा आणि देखभाल यांचा खर्च यावर वेगळा. हा हिशेब ढोबळ आहे, तरी घरच्या वहीत मांडता येतो आणि कंपनीने सांगितलेल्या भाड्यात व्याज किती दडले आहे याचा अंदाज देतो. लीजच्या जाहिरातीत व्याजाचा दर बहुधा नसतोच. कर्ज देणाऱ्या बँकेला तो सांगावा लागतो, येथे तो भाडे नावाच्या पांघरुणाखाली झाकलेला असतो.

आता शेषमूल्य ४ ऐवजी ५ लाख धरले, तर तेच भाडे २१,४०० रुपयांच्या आसपास येते. मोटार स्वस्त झाली का? मुळीच नाही. फक्त तीन वर्षांनंतरचा प्रश्न मोठा झाला. तीन वर्षांनी बाजारात त्या मोटारीला चारच लाख आले, तर तो एक लाखाचा खड्डा कुणी भरायचा? करारातील हे कलम इतर सर्व कलमांपेक्षा महत्त्वाचे. काही करारांत ही जोखीम कंपनीची असते. घेणाऱ्याने किल्ली परत दिली की तो मोकळा झाला. काही करारांत मात्र तूट घेणाऱ्यावर ढकललेली असते, किंवा ठरल्या किमतीला मोटार विकत घेण्याचे बंधन असते. दुसऱ्या प्रकारचा करार म्हणजे नाव बदललेले कर्जच. त्याला लीज म्हणून जादा पैसे मोजण्यात शहाणपण नाही.

वस्तू व सेवा कराचा मुद्दाही अनेकांच्या ध्यानात येत नाही. मोटार चालकाविना भाडेपट्ट्याने दिली तर भाड्यावर तोच कराचा दर लागतो, जो ती मोटार विकत घेताना लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींना १८ टक्के, मोठ्यांना ४० टक्के आणि विजेवरील मोटारींना ५ टक्के असे दर झाले. कर्जाच्या व्याजावर हा कर नसतो. भाड्यात मिसळलेल्या व्याजावर मात्र तो लागतो, कारण कर संपूर्ण भाड्यावर आकारला जातो. म्हणून सांगितलेले भाडे करासह की कराविना, हे पहिल्याच भेटीत विचारावे. मोठ्या मोटारीच्या बाबतीत या एका प्रश्नाच्या उत्तराने सारे गणित उलटू शकते.

मग लोक लीज घेतात तरी का? त्याचे मुख्य कारण प्राप्तिकर. नोकरी देणारी कंपनी मोटार भाडेपट्ट्याने घेते, कर्मचाऱ्याला वापरायला देते आणि भाडे त्याच्या एकूण वेतनातून आधीच वळते करते. १९६२च्या आयकर नियमांनुसार मोटार कार्यालयीन व खासगी अशा दोन्ही कामांसाठी वापरली जात असेल आणि खर्च कंपनी करीत असेल, तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनासाठी महिन्याला अवघे १,८०० रुपये उत्पन्नात धरले जात. मोठ्या इंजिनासाठी हा आकडा २,४०० होता. वरच्या उदाहरणातील २३,६६७ रुपये वेतनातून वजा होऊन त्याऐवजी १,८०० धरले गेले, तर ३० टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाचे उपकरासह महिन्याला सुमारे ६,८०० रुपये वाचत. ही रक्कम काही थोडी नव्हे. आणि ही वजावट नसून सुविधेचे मूल्य ठरविण्याची पद्धत असल्याने नव्या करप्रणालीतही ती लागू पडत असे. २०२५चा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून अमलात आला असून त्याबरोबर नियमही नव्याने लिहिले गेले. तेव्हा जुन्या आकड्यांवर रचलेला तक्ता कुणी पुढे सरकवला, तर चालू आकडा आपल्या करसल्लागाराला विचारूनच घ्यावा.

परंतु या सवलतीत एक मेख आहे. ती मिश्र वापरासाठी आहे. मोटार केवळ खासगी कामासाठी वापरली जात असेल, तर कंपनीने भरलेले सारे भाडे कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरायचे, असे नियम सांगत आला आहे. जो गृहस्थ घरून काम करतो आणि ज्याची मोटार शनिवार-रविवारी लोणावळा नाहीतर गावचा रस्ता तेवढी पाहते, त्याने ‘सगळेच घेतात’ या आधारावर सही करू नये. शिवाय हातात येणारे वेतन कमी दिसू लागते. दोन वर्षांत घरासाठी कर्ज काढायचे असेल, तर बँक आपली पात्रता कशी मोजते हे आधी विचारावे. घर आणि मोटार यांत अग्रक्रम कशाला, हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे. मोटारीपायी घराच्या कर्जाची मर्यादा खाली आली, असे होऊ नये इतकेच.

खरा धोका मात्र वेगळाच आहे, आणि तो नोकरीशी बांधलेला आहे. समजा, वरील मोटार घेतलेल्या तरुण अभियंत्याची नोकरी चौदाव्या महिन्यात गेली. माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात हे आता अघटित राहिलेले नाही. कंपनी लीज बंद करते आणि हिशेब कर्मचाऱ्याच्या अखेरच्या वेतनातून वळता करते. सरळ हिशेबाने चौदा महिन्यांनंतर ७ लाख ६७ हजार रुपये वसूल व्हायचे उरलेले असतात. मोटारीला बाजारात साडेसहा लाख आले, तर एक लाख सतरा हजारांची तूट पडते, मुदतपूर्व बंद करण्याचे शुल्क वेगळे. वेतन थांबले त्याच महिन्यात हे देणे समोर उभे राहते. कर्जाची मोटार असती, तर तो ती विकू शकला असता, हप्ते लांबविण्याची विनंती करू शकला असता, भावाला चालवायला देऊन हप्ता वाटून घेऊ शकला असता. लीजमध्ये यातील एकही वाट त्याच्या हाती नसते. नोकरी बदलल्यास लीज नव्या कंपनीकडे वर्ग होते काय, मुदतीपूर्वी सोडल्यास रक्कम कशी मोजणार, हे सही करण्यापूर्वी लेखी घेतलेले असावे. मनुष्यबळ विभागातील कुणी तोंडी दिलेले ‘बघू’ हे उत्तर अशा वेळी उपयोगी पडत नाही.

मालकीचा कायदेशीर अर्थही समजून घेतला पाहिजे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे भाडेपट्ट्याने दिलेल्या वाहनाचा ताबा ज्याच्याकडे, तो त्या कायद्यापुरता ‘मालक’ ठरतो. आयकराच्या दृष्टीने मात्र घसाऱ्याचा हक्क भाडेपट्ट्याने देणाऱ्या कंपनीचाच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली आयसीडीएसच्या खटल्यात स्पष्ट केले. म्हणजे मालकीचे लाभ एकाकडे आणि रस्त्यावरची जबाबदारी दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी आहे. अपघातात मोटार पूर्ण निकामी झाली, तर विम्याची रक्कम आधी कंपनीकडे जाते. ती उरलेल्या देण्यापेक्षा कमी पडली, तर फरक कोण देणार? विम्याचा दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते. विमा कंपनीच्या नावावर असेल, तर वर्षानुवर्षे जपून चालविणाऱ्याच्या पदरी तीही पडत नाही.

नंबरप्लेटीकडेही नजर टाकावी. स्वतः चालविण्यासाठी भाड्याने देण्याच्या परवानाधारक मोटारींना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात. खासगी मोटारीच्या विमा पॉलिसीत भाड्याने देण्याचा वापर वगळलेला असतो. तेव्हा ओळखीच्या कुणीतरी आपली पांढऱ्या पाटीची मोटार ‘महिन्याला अमुक द्या आणि वापरा’ म्हणून देऊ केली, तर स्वस्त वाटणारा तो व्यवहार पहिल्या अपघातात भलता महाग पडू शकतो. मोटार परराज्यात नोंदलेली असेल, तर बारा महिन्यांनंतर नव्या नोंदणीचा आणि रस्ताकराचा प्रश्न येतो. तो खर्च कुणाचा, हे करारात पाहावे.

विजेच्या मोटारींनी या व्यवहाराला आणखी एक वळण दिले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजीची विंडसर आली, ती ९ लाख ९९ हजारांना, बॅटरीचे भाडे किलोमीटरमागे साडेतीन रुपये वेगळे. अर्धी मोटार विकत, अर्धी भाड्याने! महिन्याला हजार किलोमीटर धावली, तर साडेतीन हजार रुपये बॅटरीचे, आणि चार्जिंगचा खर्च त्यावर. विजेवरील मोटारींच्या जुन्या बाजाराची रीत अजून बसलेली नाही. तेव्हा बॅटरीची चिंता दुसऱ्यावर सोपविणे काहींना परवडेलही. पण मोटार विकताना बॅटरीच्या कराराचे काय होते आणि किमान किती किलोमीटरचे भाडे दरमहा द्यावेच लागते, हे विचारल्याखेरीज पुढे जाऊ नये.

हे सारे वाचून लीज म्हणजे फसवणूक, असा निष्कर्ष कुणी काढू नये. दर तीन वर्षांनी ज्याची बदली होते, ज्याचा मोटारीचा वापर खरोखर कामासाठी आहे, ज्याची नोकरी स्थिर आहे आणि जो तसाही तीन-चार वर्षांनी मोटार बदलणारच आहे, त्याला हा व्यवहार सोयीचा आहे. दुरुस्ती, विमा, विक्रीची दगदग या साऱ्यांतून तो सुटतो. मात्र मोटार दहा-बारा वर्षे वापरणाऱ्या कुटुंबाला लीज क्वचितच परवडते, कारण मोटारीचे मूल्य सर्वाधिक घसरते ती पहिली तीन वर्षेच तो पुन्हा पुन्हा विकत घेत राहतो. हप्ते संपल्यानंतरची जी वर्षे मध्यमवर्गाला खरा दिलासा देतात, ती त्याच्या वाट्याला येतच नाहीत.

वाद झालाच तर ग्राहकाला काही आधार आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अवाजवी अनामत किंवा प्रमाणाबाहेर दंड लादणाऱ्या कराराला ‘अनुचित करार’ मानले असून त्याविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागता येते. अडचण अशी की नोकरीतील लीजमध्ये करार बहुधा दोन कंपन्यांमधला असतो, आणि मोटार चालविणारा त्यात पक्षकारच नसतो. म्हणून आपली सही नेमकी कोणत्या कागदावर आहे, हे त्याने पाहावे आणि मूळ कराराची प्रत मागून घ्यावी.

मोटार ताब्यात घेताना आणि परत करताना दोन्ही वेळा चारही बाजूंची, आतल्या आसनांची आणि किलोमीटर दाखविणाऱ्या तबकडीची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. परतीच्या वेळी ‘सामान्य झीज’ कशाला म्हणायचे यावरून सर्वाधिक कटकटी होतात. दुसरी किल्ली, जॅक आणि जादा चाक पहिल्या दिवशीच पावतीवर लिहून घ्यावे. तीन वर्षांनी ते नव्हतेच असे सांगून कुणाला पटत नाही.