शनिवार टिकला, सण बदलले: कोकणातल्या बेने इस्रायलींनी शब्बाथ कसा सांभाळला?

२०२५ मध्ये घटस्थापना आणि यहुदी नववर्ष एकाच तारखेला आले, २२ सप्टेंबरला. सकाळी घरोघरी घट बसले आणि संध्याकाळी 'रोश हशाना' सुरू झाला, कारण यहुदी दिवस सूर्यास्तापासून मोजतात. दहा दिवसांनी २ ऑक्टोबरला दसरा होता आणि त्याच दिवशी योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा उपवास.

२०२६ मध्ये ही जोडी फुटते. यहुदी नववर्ष १२ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी येते, तर घटस्थापना थेट ११ ऑक्टोबरला.

अशा तारखा जुळल्या की सोशल मीडियावर 'बघा, दोन्ही सण मुळात एकच' अशा पोस्ट फिरू लागतात. कोकणातल्या बेने इस्रायली समाजाबद्दल तर आणखी एक दावा हमखास केला जातो: त्यांना हनुक्का हा सण माहीत नव्हता, त्यामुळे ते इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास भारतात आले हे सिद्ध होते.

हे दोन्ही दावे तपासून पाहण्यासारखे आहेत. त्यासाठी शास्त्र काय सांगते आणि घाण्यावर प्रत्यक्षात काय घडत होते, दोन्ही पाहावे लागेल.

शनिवार तेली कोण?

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला दापोली तालुक्यात केळशी आहे. तिथून वर जाऊन बाणकोटची खाडी ओलांडली की रायगड जिल्हा लागतो. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, रेवदंडा, अलिबाग, पेण ही बेने इस्रायलींची जुनी वस्ती. दिवेकर, पेणकर, केहिमकर, रोहेकर, नवगावकर ही आडनावे त्याच गावांवरून आली. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे.

धंदा तेलाचा. घाणा शनिवारी बंद. म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. सोमवारी घाणा बंद ठेवणारे 'सोमवार तेली' वेगळे होते. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस काम न करणे ही गोष्ट शेजाऱ्यांना अजिबात चमत्कारिक वाटली नसणार. फरक फक्त वाराचा.

१७३८ साली एका मिशनऱ्याने लिहिलेल्या पत्रात या समाजाचा उल्लेख सापडतो. त्यांच्याकडे बायबल नाही, हिब्रू येत नाही, फक्त 'शमा' ही एकेश्वराची प्रार्थना येते, असे त्यात म्हटले आहे. ग्रंथ नाही, रब्बी नाही, सिनेगॉग नाही. तरीही सुंता होती, खाण्यापिण्याचे नियम होते आणि शनिवार होता.

खाण्याचा नियम किती पक्का होता, याची एक कथा समाजात सांगतात. डेव्हिड रहाबी नावाच्या गुरूने हे लोक खरोखर यहुदी आहेत का हे पाहायला बायकांपुढे वेगवेगळी मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेली तेवढी उचलली, बाकीची बाजूला केली. लेवीय या पुस्तकाचा अकरावा अध्याय हेच सांगतो. कोळंबी आणि खेकड्यांच्या कोकणात हा नियम पाळणे सोपे नव्हते. रहाबी नेमके कधीचे यावर अभ्यासकांत मोठा मतभेद आहे. कोणी त्यांना हजार वर्षे मागे नेतात, कोणी अठराव्या शतकात आणतात.

शास्त्र काय सांगते?

शब्बाथाची आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते आणि दोन्हीकडे कारण वेगळे आहे. निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात कारण सृष्टीचे: देवाने सहा दिवसांत जग घडवले, सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवादच्या पाचव्या अध्यायात कारण गुलामगिरीचे: तुम्ही मिसरात दास होता, हे विसरू नका; तुमच्या नोकराचाकरांनाही विसावा द्या. दोन्ही ठिकाणी गुराढोरांचा उल्लेख आहे. घाण्याच्या भाषेत सांगायचे तर सुट्टी तेल्याला आहे, गड्याला आहे आणि डोळ्यांना झापड बांधून गोल फिरणाऱ्या बैलालाही आहे.

पण 'काम' म्हणजे काय? इथे मूळ ग्रंथ फारसे बोलत नाही. विस्तव पेटवू नका, हे निर्गमच्या ३५ व्या अध्यायात स्पष्ट आहे. त्याच अध्यायात लगेच पवित्र मंडप बांधण्याच्या सूचना येतात. रब्बींनी या शेजारावरून अर्थ काढला: मंडप उभारायला जी जी कामे लागली, ती ती शब्बाथाला वर्ज्य. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या 'मिश्ना'त अशा ३९ कामांची यादी आहे. त्यात 'मळणी' आहे, आणि फळातून रस किंवा तेल पिळून काढणे हे मळणीच्याच पोटात धरले जाते.

कोकणातल्या तेल्यांच्या हाती मिश्ना नव्हती. तरी घाणा थांबलाच होता.

सणांना मात्र मराठी नावे

लेवीयच्या तेविसाव्या अध्यायात सणांची यादी आहे. तिची सुरुवात शब्बाथाने होते. मग वल्हांडण, बेखमीर भाकरीचा सण, सप्तकांचा सण, कर्ण्यांचा दिवस, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण. मराठी बायबलमुळे हे शब्द ख्रिस्ती वाचकांच्या ओळखीचे आहेत.

बेने इस्रायली घरांत मात्र यांतले एकही नाव नव्हते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला; तो छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. त्यातून जुनी नावे कळतात.

नववर्ष म्हणजे 'नव्याचा सण'. योम किप्पूर म्हणजे 'दारफाळणीचा सण': दारे लावून घरात बसायचे, पांढरे कपडे घालायचे, बाहेरच्या कोणाला शिवायचे नाही. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. नव्या पिकाच्या खिरीचा 'खिरीचा सण'. पुरीमला 'होळीचा सण'. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळायचा तो 'बिरड्याचा सण', कारण त्या दिवशी वालाचे बिरडे. श्रावणात बिरडे कोणत्या कोकणी घरात होत नाही?

सर्वांत बोलके नाव वल्हांडणाचे. त्याला म्हणत 'अनाशी ढाकाचा सण', म्हणजे आंबवलेल्या रसाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण. वल्हांडणात खमीर, म्हणजे आंबवलेले काही, घरात चालत नाही. मिसरातून सुटकेची गोष्ट विस्मरणात गेली असेल, पण आंबट भांड्यावरचे झाकण राहिले.

शिवाय एका महिन्याच्या उपवासाला 'रमजान' आणि एलिया संदेष्ट्याच्या दिवसाला 'उरूस'. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाच्या रथाच्या खुणा म्हणून एक खडक दाखवतात आणि तिथे मलिद्याचा विधी होतो. हे शब्द कुठून आले ते केळशीत उभे राहून पाहिले तर सहज कळते. एकाच गावात महालक्ष्मीचा चैत्रातला उत्सव आहे आणि याकूबबाबांच्या दर्ग्याचा उरूस आहे. सण कसा साजरा करायचा आणि त्याला काय म्हणायचे, हे किनाऱ्यावरचे लोक एकमेकांकडूनच शिकत.

तारखा जुळतात त्या का?

याचे उत्तर धर्मात नाही, आकाशात आहे. यहुदी आणि मराठी दोन्ही पंचांगांत महिना चंद्राचा आणि वर्ष सूर्याशी जुळवलेले. बारा चांद्र महिने सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी पडतात, म्हणून दोघेही अधूनमधून अधिक महिना घालतात. यहुदी पद्धतीत १९ वर्षांत सात. म्हणून वल्हांडण चैत्री पौर्णिमेच्या आसपास येते, नववर्ष आश्विनाच्या आरंभी आणि पुरीम फाल्गुनी पौर्णिमेला. २०२६ मध्ये वल्हांडण १ एप्रिलच्या संध्याकाळी सुरू झाले आणि २ एप्रिलला हनुमान जयंती होती. त्यानंतर मराठी पंचांगात अधिक ज्येष्ठ आला, यहुदी पंचांगात त्या वेळी अधिक महिना नव्हता. म्हणून सप्टेंबरमध्ये अंतर महिनाभराचे झाले.

म्हणजे 'दोन्ही सण एकच' हे खरे नाही. पण ज्या समाजाकडे स्वतःचे पंचांग उरले नव्हते, त्याला शेजाऱ्याच्या पंचांगावर आपले सण बऱ्यापैकी जागेवर ठेवता आले असणार.

आणि शनिवार? त्याला पंचांग लागतच नाही. सात मोजायचे, थांबायचे, पुन्हा एकपासून सुरू. चंद्रकोर दिसली काय, ढगांत लपली काय, फरक पडत नाही. पाऊस चार महिने आकाश झाकून टाकतो त्या किनाऱ्यावर ही सोय लहान नव्हे. त्यात आठवड्याच्या वारांची पद्धत भारतातही रुळली; वाराचा उल्लेख असलेला एरणचा गुप्तकालीन शिलालेख इसवी सन ४८४ चा आहे. पुढे तर गावातल्या कोणालाही 'आज वार कोणता' विचारले की पुरे.

हनुक्काचा पुरावा कितपत भक्कम?

हनुक्का हा मक्काबींनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात यरुशलेमचे मंदिर पुन्हा शुद्ध केले त्याचा सण. युक्तिवाद असा, की हा सण माहीत नाही म्हणजे समाज त्याआधीच निघाला. स्वतः केहिमकरांचाही ओढा इसवी सनापूर्वी १७५ कडे आहे.

पण हनुक्का लेवीयच्या यादीत नाही. हिब्रू बायबलमध्येच नाही. जो समाज घाईघाईत, ग्रंथाविना परक्या किनाऱ्याला लागला, त्याच्या हातून असा सण सहज निसटू शकतो. उलट, जो सण लेवीयमध्ये ठळकपणे आहे तो सप्तकांचा सणही जुन्या मराठी नावांत दिसत नाही. मग त्यावरून ते मोशेच्याही आधी निघाले म्हणायचे का? सणाची अनुपस्थिती विस्मरण दाखवते, तारीख दाखवत नाही.

सप्तकांचा सण विसरला जाण्याचे एक कारण त्याच्या मोजणीत असू शकते. त्याला स्वतःची तारीखच नाही. 'शब्बाथानंतरच्या दिवसापासून' सात आठवडे मोजून पन्नासाव्या दिवशी तो येतो. हा 'शब्बाथ' कोणता, यावर प्राचीन काळापासून वाद आहे. रब्बींच्या मते वल्हांडणाचा पहिला दिवस, मग तो वार कोणताही असो. सदूकींच्या आणि नंतर कराइटांच्या मते खराखुरा शनिवार, म्हणून सण नेहमी रविवारीच. ज्यावर पंडितांचे जमले नाही, ते घाण्यावर लक्षात राहिले नाही यात नवल नाही.

खरा वाद कशावरून झाला?

एकोणिसाव्या शतकात कोचीनचे शिक्षक आले, मिशनऱ्यांचे मराठी बायबल आले. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची 'हगादा' मराठीसह १८४६ मध्ये मुंबईत आणि १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. हनुक्काचे दिवे लागले, मिसरातून सुटकेची गोष्ट परत आली.

मग समाज इस्रायलला गेला आणि १९६० च्या दशकात तिथल्या मुख्य रब्बींनी त्यांच्या विवाहांवर शंका घेतली. वंशावळ तपासण्याच्या सूचना निघाल्या, निदर्शने झाली, १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला ते सर्वार्थाने यहुदी असल्याचा ठराव करावा लागला. लक्षात घेण्यासारखे हे, की आक्षेप शनिवारावर नव्हताच. तो होता घटस्फोटाच्या रब्बी नियमांवर, म्हणजे जे नियम ग्रंथाविना लक्षात ठेवणे अशक्य होते त्यांवर.

सुट्टीचा वार हा फक्त यहुदी प्रश्न नाही. ख्रिस्ती लोकांत सातवा दिवस पाळणारे अ‍ॅडव्हेंटिस्ट आजही शनिवारच मानतात. पुण्याचे स्पायसर विद्यापीठ त्यांचेच. रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे, आणि रविवार हा खंडोबाचा वार हेही त्यांनी पुढे केले होते. त्याची दुसरी बाजू अशी, की सरकारी कचेऱ्या, रेल्वे आणि गिरण्यांत नोकरीला लागलेल्या बेने इस्रायलींना शनिवारी कामावर जावे लागले. गावात राखलेला वार शहरात मोडला. महाराष्ट्र सरकारने पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून सुरू केला, तोवर बहुतेक समाज निघून गेला होता.

महाराष्ट्राने जून २०१६ मध्ये यहुदींना अल्पसंख्याक दर्जा दिला. जनगणनेत मात्र ते 'इतर धर्म' या गटात मोडतात. २०११ च्या अर्जात सहा धर्मांना आकडे दिले होते, बाकीच्यांना धर्माचे नाव पूर्ण लिहून द्यावे लागले. त्या मोजणीत देशभरात साडेचार हजारांच्या आसपास यहुदी होते, त्यांतले निम्म्याहून थोडे अधिक महाराष्ट्रात. पुढची मोजणी २०२७ ची.

आता अडचण वेगळीच आहे. अलिबागच्या इस्रायल आळीत १८४८ चे मागेन अबोथ सिनेगॉग उभे आहे. तोराहची गुंडाळी आहे, पंचांग आहे. पण गुंडाळी जाहीरपणे वाचायला दहा प्रौढ पुरुष लागतात. ही दहाची अटही शास्त्रात थेट लिहिलेली नाही. गणना या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात बारा हेरांपैकी वाईट बातमी आणणाऱ्या दहांना 'मंडळी' म्हटले आहे, म्हणून मंडळी म्हणजे किमान दहा, असा रब्बींनी अर्थ काढला. कोकणातल्या सिनेगॉगांत शनिवारी ही संख्या जमवणे कठीण झाले आहे. घरातला शब्बाथ त्यामुळे अडत नाही. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी दिवा लावायला एक माणूस पुरतो.